चौथ्या पायरीची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. भिंतीला टेकवून ठेवतात तशी नव्हे, तर स्वतःच्या चार पायांवर उभी राहणारी, घडीची. मला नऊ पायऱ्या आहेत आणि त्यांतली चौथी तारेने बांधलेली आहे. अंगावर इतक्या रंगांचे ओघळ वाळले आहेत की माझे मूळ लाकूड कसे दिसत होते ते मलाही आठवत नाही. माझा मुक्काम स्वयंपाकघराच्या दारामागे असतो. दारामागची जागा कुणाला आवडत नाही, पण तिथून घरातले सगळे ऐकू येते. ऐकून गप्प बसावे लागते, एवढाच काय तो त्रास.

मला एका म्हाताऱ्या सुताराने बनवले. त्याचा हात हलका होता आणि तोंड फटकळ. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर तो माझ्या एकेका पायरीवर चढून चक्क नाचला. मग मला न्यायला आलेल्या बहीणभावाला म्हणाला, "हे बघा, लाकूड एकदम मोडत नाही. आधी कुरकुरतं, सांगून मोडतं बिचारं. कुरकुर ऐकू आली की खाली उतरायचं, हातातलं काम अर्धं राहिलं तरी. आणि ऐकलं नाहीत तर मग मला शिव्या द्यायला येऊ नका."

दोघांनी मान डोलावली. त्यांतली बहीण मोठी होती. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले दुकानदारसुद्धा. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान आणि तिच्या दुप्पट रुंद होता. त्यांची आई लवकर गेली. तेव्हा ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातले, बोट धरून शाळेत नेले आणि गोल गरगरीत होता म्हणून त्याचे नाव भोपळ्या ठेवले. त्याची चाळिशी आली तरी ती त्याला त्याच नावाने हाक मारायची, आणि तोही भर रस्त्यात ओ द्यायचा.

ताई वर आणि भोपळ्या खाली, अशी आमची कामाची वाटणी होती. तो रंग कालवायचा, ब्रश धुवायचा आणि मुख्य म्हणजे माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर बूड टेकून बसायचा, म्हणजे मी हलत नसे. "तू बसलास की भूकंप आला तरी मला भीती नाही," असे ताई वरून म्हणायची. चपलांचे दुकान, घड्याळ दुरुस्तीचे दुकान, दवाखाना, शाळेचे फाटक, आम्ही सगळीकडे गेलो. ताईचे अक्षर इतके सुबक होते की रस्त्याने जाणारी माणसे थांबून वर बघत. शिडीचे कौतुक कोणी करत नाही, पण ताई उतरताना माझ्या कडेवरून हात फिरवायची. मला तेवढे पुरे होते.

एकदा माझी चौथी पायरी कुरकुरली. भोपळ्याने ताईला तिथल्या तिथे खाली उतरायला लावले. तिचे अक्षर अर्धे राहिले, दुकानदार चिडला, पण भोपळ्याने ऐकले नाही. त्याने पायरीत सरस भरला, वरून तार गुंडाळली आणि दोन दिवस मला हात लावला नाही. तेव्हापासून रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी तो माझी एकेक पायरी दाबून बघायचा आणि विचारायचा, "काय बाई, कुठं दुखतंय का?" हे शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो. मला तो रोज विचारायचा.

ताईचे आजारपण मला डॉक्टरांच्या आधी कळले, हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पायरीवर पडणारे पाऊल ओळखीचे असते. ताईचे पाऊल सडसडीत होते. ते हळूहळू जड आणि मऊ झाले, बोटे एकमेकांना चिकटू लागली. पूर्वी ती भराभर नऊ पायऱ्या चढायची, आता तिसऱ्या पायरीवर दम खायला थांबू लागली. मला बोलता आले असते तर मी सांगितले असते. तपासणी झाली तोपर्यंत तिची दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ थकून गेली होती. आठवड्यातून तीन दिवस इस्पितळात जाऊन, यंत्राला जोडून घेऊन रक्त साफ करायचे, असे तिचे आयुष्य झाले.

इस्पितळातून तिच्या खाण्यापिण्याचा एक कागद आला आणि तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर लागला. मी समोरच उभी, त्यामुळे मला तो पाठ झाला. मीठ जवळजवळ बंद. केळे, संत्रे, टोमॅटो बंद. बटाटा आणि भाज्या चिरून पाण्यात भिजवायच्या, उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचे. प्यायला दिवसभरात चार लहान पेले पाणी, त्यातच चहा. ताईसारख्या आजारी माणसासाठी तो कागद औषधाइतकाच गरजेचा होता.

आता भोपळ्या वर चढू लागला आणि ताई खाली घडीच्या खुर्चीत बसून सूचना देऊ लागली. त्याची अक्षरे त्याच्यासारखीच निघायची. "अरे, त्या अक्षराला जरा कमी खाऊ घाल," असे ती म्हणायची आणि दोघेही हसायचे. माझ्या खालच्या पायरीवर मात्र आता कोणी बसत नव्हते.

मग एक दिवस भोपळ्या इस्पितळातून आला तो नाचतच. कपाटातल्या कपबशा खळखळल्या. त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि त्याचे एक मूत्रपिंड ताईला चालणार होते. मात्र डॉक्टरीणबाईंनी एक अट घातली होती. त्याचे वजन फार होते, एवढ्या वजनावर त्याची शस्त्रक्रिया करणे धोक्याचे होते. सोळा किलो कमी करायचे, तेही सावकाश, उपाशी राहून नाही. त्यासाठी त्यालाही एक कागद मिळाला होता.

ताई म्हणाली, "भोपळ्या, तुझ्या अंगातलं काढून घेऊन मला नाही जगायचं."

"मी लहान असताना तू माझ्यासाठी काय काय सोडलंस, ते मी कधी विचारलं?" भोपळ्या म्हणाला. "मग आता तूही विचारायचं नाही."

आता जे सांगते ते माझ्या डोळ्यांदेखत घडले. तो आपला कागद कपाटावर लावायला गेला. पहिलीच ओळ होती, दिवसाला दहा पेले पाणी प्यावे. ताई तेव्हा टेबलाशी बसून तिचा चौथा पेला पीत होती. शेवटचा घोट ती गिळत नव्हती, तोंडात घोळवत होती. भोपळ्याने तिच्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि आपला कागद तिच्या कागदाच्या खाली सरकवून दिला. वरून फक्त ताईचा कागद दिसू लागला.

त्या दिवसापासून घरात एकच भांडे शिजू लागले. तीच भिजवून उकळलेली, पाणी फेकून दिलेली, अळणी भाजी. तेच चार पेले पाणी. "तुझा कागद कुठाय?" ताईने विचारले, तर म्हणाला, "माझाही जवळपास असाच आहे, दोन दोन कागद कशाला?" ताईने विश्वास ठेवला. भावाचा शब्द खोटा धरायची तिला सवय नव्हती. भोपळ्याचा हेतू वाईट नव्हता, मित्रांनो. तिच्यासमोर घटाघटा पाणी प्यायला त्याला जीवच होत नसे. शिवाय जेवढे कडक पथ्य तेवढे वजन लवकर उतरेल, असेही त्याला वाटत होते. पण तो कागद यंत्रावर जाणाऱ्या बाईचा होता आणि हा गडी दिवसभर उन्हात शिडीवर उभा राहून घाम गाळत होता.

वजन मात्र भराभर उतरले. ते मला काट्याच्या आधी कळायचे. पहिल्या महिन्यात माझ्या पायऱ्या वाकेनाशा झाल्या. दुसऱ्या महिन्यात त्याच्या पट्ट्याला टोच्याने नवी भोके पडली. रस्त्यातली माणसे थांबवून त्याची तारीफ करू लागली. ताईसुद्धा खूश होती. "भोपळ्याची काकडी झाली," असे ती शेजारणीला सांगायची. त्याचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकून फुटले होते, पण लोकांना पोट गेलेलेच दिसत होते.

पायात पहिला गोळा घड्याळवाल्याची पाटी रंगवताना आला. ऐन दुपारची वेळ, तो माझ्या पाचव्या पायरीवर उभा. एकाएकी त्याच्या डाव्या पायाची बोटे आत वळली आणि पोटरी दगडासारखी झाली. तो कळवळला, पण तोंडातून आवाज काढला नाही. माझी कड घट्ट धरून तसाच लटकून राहिला. गोळा सैल झाल्यावर बसत बसत खाली उतरला, पायाचा अंगठा हाताने ओढून धरला आणि मला म्हणाला, "काही नाही बाई, होतं असं."

मग ते रोजचेच झाले. पहाटे तो लंगडत स्वयंपाकघरात यायचा, माझ्या दोन्ही कडा धरून टाच जमिनीला दाबायचा आणि पोटरीची शीर ताणायचा. कधी माझ्या खालच्या पायरीच्या कडेवर पोटरी रगडायचा. पुढे हातालाही पेटके येऊ लागले. बोटे ब्रशभोवती अशी आवळायची की दुसऱ्या हाताने एकेक सोडवावी लागायची. मी लाकडाची असून मला ते बघवत नसे.

"पाय का ओढतोयस?" ताईने एकदा विचारले.

"रंगाचा डबा पडला पायावर."

"परवा दुसरा पाय ओढत होतास."

"डबे दोन आहेत ना," तो म्हणाला. ताई हसली नाही. डॉक्टरीणबाईंना सांग, असे तिने बजावले. "सांगितलं, वजन उतरताना असं होतंच म्हणाल्या त्या," असे त्याने दडपून सांगितले. तो त्यांच्याशी त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. खरे काय ते त्याने फक्त मला सांगितले, माझ्या चौथ्या पायरीची तार आवळता आवळता. "आत्ता सांगितलं तर म्हणतील, या माणसाचंच काही धड नाही, याचं काय काढून घ्यायचं? तारीख पुढं जाईल. ताईकडं तेवढे दिवस नाहीत बाई."

माझे सगळे ऐकणारा माणूस स्वतःच्या पायाचे काही ऐकत नव्हता, आणि मी ते बघत उभी होते.

अखेर शस्त्रक्रियेची तारीख ठरली. त्याआधी गुरुवारी शेवटचे वजन होणार होते आणि अजून दीड किलो बाकी होते. भोपळ्याने चार पेल्यांचे दोन केले. बुधवारी आम्ही न्हाव्याच्या दुकानाची पाटी पुरी करायला गेलो. ताईचा यंत्राचा दिवस होता, त्यामुळे खालची खुर्ची रिकामी होती. न्हावी भला माणूस. पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "घ्या, तोंड बघा कसं वाळलंय तुमचं."

"आज नको," भोपळ्या म्हणाला, "उद्या वजन आहे."

न्हाव्याने पेला खिडकीत ठेवला. भोपळ्या वर चढला. पाटीचे एकच अक्षर राहिले होते. तो सातव्या पायरीवर पोचला तेव्हा त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. ती थरथर माझ्या कडांतून खाली उतरली आणि माझी चौथी पायरी कुरकुरली. चांगली मोठ्याने कुरकुरली. आजवर मी कुरकुरले की तो काम थांबवायचा.

"थांब बाई," तो म्हणाला, "एवढं एकच अक्षर."

दोन्ही पोटऱ्या एकदम आवळल्या. पाय त्याचे राहिलेच नाहीत. तो मागच्या मागे गेला. मी चार पायांवर तशीच उभी होते, मला ओरखडाही आला नाही. ही गोष्ट मला अजून सहन होत नाही. खालच्या पायरीवर कोणी बसलेले असते तर निदान कोणाचा तरी हात पोचला असता.

तीन आठवड्यांनी तो मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी आला. न्हाव्याने मला खांद्यावर घालून आणले आणि दारामागे उभे केले. तो गेल्यावर ताई उठली. डॉक्टरीणबाईंनी तिला काहीतरी विचारले असावे, कारण ती सरळ कपाटाशी गेली आणि तिने आपला कागद काढला. खाली दुसरा कागद होता. तो अगदी कोरा करकरीत राहिला होता, त्यावर तेलाचा एक डागही नव्हता. ताईने तो मोठ्याने वाचला.

"दिवसाला दहा पेले पाणी प्यावे, घामाचे काम असल्यास जास्त. मीठ पूर्ण बंद करू नये. दूध, केळे, उकडलेला बटाटा रोज घ्यावा. पायात गोळे आल्यास वाट न पाहता लगेच कळवावे."

शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर गोळे आठवड्यात थांबले असते," भोपळ्या खाली मान घालून म्हणाला. "तारीखही हलली नसती. आता हाड मोडलंय, आणि पाणी न पिऊन पिऊन माझ्याच मूत्रपिंडांवर ताण आलाय. ती सावरेपर्यंत वर्षभर तरी माझ्याकडून काही घेता येणार नाही म्हणाल्या."

"माझा कागद तू का पाळलास रे?"

"तू एकटीच पाळत होतीस."

ताई त्याला रागावली असती तर बरे झाले असते. ती रागावली नाही. तिने पेला भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. तो नको म्हणाला, तशी ती समोर बसली. "माझ्यासमोर प्यायचं. दहा मोजून. मला बघून पाणी पिणाऱ्याचा हेवा वाटत नाही भोपळ्या, मला बरं वाटतं. तेवढं विचारलं असतंस तरी पुरे होतं." तो पाणी पीत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पेला संपायला फार वेळ लागला.

त्याचे गोळे दहा-बारा दिवसांत थांबले. खरेच, तेवढेच पुरले.

न्हाव्याची पाटी अपुरीच होती. त्याने दुसऱ्या कोणाला तिला हात लावू दिला नव्हता. एका सकाळी ताई म्हणाली, "ते एक अक्षर मी करते." भोपळ्याने पुष्कळ विरोध केला, पण तिच्यापुढे त्याचे कधी चालले होते? आम्ही तिघे गेलो. भोपळ्या प्लास्टरचा पाय लांब करून माझ्या खालच्या पायरीवर बसला, पूर्वीसारखा. पण त्याचे वजन आता पुरत नव्हते, मी हलत होते. तेव्हा न्हावी कात्री ठेवून आला आणि त्याच्या शेजारी बसला.

ताई चढली. एकेका पायरीवर थांबत, दम खात चढली. चौथ्या पायरीवर तिचे पाऊल पडले तेव्हा मी श्वास रोखून वाट पाहिली. पायरी कुरकुरलीच नाही, इतकी ती हलकी झाली होती. मला रडू आले, पण ते कोणाला दिसण्यासारखे नव्हते. तिने ते अक्षर लिहिले, सुबक, तिचे नेहमीचे. उतरताना माझ्या कडेवरून हात फिरवला.

घरी आल्यावर डब्यात थोडा लाल रंग उरला होता. ताईने मला आडवे निजवायला सांगितले आणि बारीक ब्रश घेऊन माझ्या चौथ्या पायरीवर, तारेच्या बाजूला, काहीतरी लिहिले. चढणाऱ्याच्या नजरेसमोर येईल अशा बेताने लिहिले.

त्यानंतर पाच महिन्यांनी ताई गेली. दुपारी, इस्पितळात यंत्राला जोडलेली असताना, भावाचा हात हातात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या वर्षाचे अजून चार महिने उरले होते. भोपळ्याने गोळा आलेल्या दिवशी तोंड उघडले असते तर ती वाचलीच असती, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तिला तिची संधी मिळाली असती. ती मिळाली नाही आणि हे त्यालाही माहीत आहे.

तो अजून पाट्या रंगवतो, जरासा लंगडत. आता त्याला भोपळ्या म्हणणारे कोणी उरले नाही. सकाळी ताईच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून तो पहिला पेला पितो. नंतर माझ्या पायऱ्या तपासतो, पण "काय बाई, कुठं दुखतंय का?" असे विचारत नाही. चौथ्या पायरीवर हात ठेवून ताईचे अक्षर वाचतो आणि मग स्वतःच्या पोटऱ्या चाचपून बघतो.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. एक दिवस माझे सरपण होईल आणि त्याचे मला काही वाटणार नाही. तोवर एक काम माझ्याकडे आहे. ताईने रंगवलेली शेवटची पाटी माझ्या अंगावर आहे आणि ती फक्त तिच्या भावासाठी आहे असे मला वाटत नाही, म्हणून तुम्हाला वाचून दाखवते. तिच्यावर तीनच शब्द आहेत. दुखलं की सांग.